फ्रेंच पाहुणा, इंग्रजी धडा आणि मराठी कान

पाऊस सरला की गोव्याच्या किनाऱ्यावर लांब मुक्कामाचे पाहुणे येऊ लागतात. त्यांतले फ्रेंच बोलणारे बरेचसे इंग्रजीत अडतात आणि मग घरमालकाला, स्कूटरवाल्याला किंवा शेजारच्या शिक्षकाला विचारतात, 'थोडं शिकवाल का?' या विषयावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. इंग्रजी आणि फ्रेंच शब्द देवनागरीतच दिले आहेत. फ्रेंच उच्चार देवनागरीत जेमतेम मावतात, तेवढं वाचकांनी चालवून घ्यावं.

आमच्याकडे एक फ्रेंच बाई दीड महिना राहणार आहेत. रोज पाऊण तास इंग्रजी शिकवा म्हणतात. 'डिफिकल्टी', 'पॉसिबिलिटी', 'कमेन्स' असले जड शब्द त्यांना येतात, पण 'गेट ऑफ' म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात. सुरुवात कुठून करू?
— होमस्टे चालवणाऱ्या वाचिका, हरमल

याचं मूळ १०६६ सालात आहे. त्या वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे दोन-तीन शतकं तिथल्या दरबाराची आणि कचेरीची भाषा फ्रेंच राहिली. त्यामुळे इंग्रजीतले कायद्याचे, कारभाराचे, विचाराचे शब्द फ्रेंच वळणाचे आहेत, आणि उठण्या-बसण्याची, देण्या-घेण्याची क्रियापदं जुनी, शेतकऱ्यांच्या तोंडची. गोठ्यात असते तोवर 'काऊ', ताटात आली की 'बीफ' हे त्याचंच उदाहरण. 'बीफ' फ्रेंच 'बफ'वरून आला, 'मटन' 'मूतों'वरून. तेव्हा तुमच्या बाईंना जड शब्द फुकटात मिळाले आहेत आणि हलके शब्द विकत घ्यायचे आहेत. आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकांची चाल नेमकी याच्या उलट असल्यामुळे ती पुस्तकं त्यांच्यासाठी घेऊ नका.

शब्द किती, याचा अंदाज हवा तर चार्ल्स ऑग्डेन यांची १९३० सालची 'बेसिक इंग्लिश' यादी उपयोगी आहे. त्यात ८५० शब्द आहेत आणि क्रियापदं फक्त १८ : कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड, मे, विल. यादी छापून घ्या आणि पहिल्या दिवशी बाईंना पेन्सिल द्या. फ्रेंचशी स्पेलिंग जुळतं म्हणून जो शब्द ओळखता येतो त्यावर खूण करायची. 'टेबल', 'फ्रूट', 'ऑरेंज', 'मिनिट', 'इम्पॉर्टन्ट', शेवटी 'शन' येणारे जवळपास सगळे, असे बरेच शब्द बाजूला निघतील. त्यांचा फक्त उच्चार बसवायचा. उरलेल्यांतून रोज आठ नवे शब्द घ्या, त्यांत क्रियापदं जास्तीत जास्त दोन. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा आठवड्यांत २८८ शब्द होतात. तेवढ्यात बाजार, बस, डॉक्टर आणि शेजार निभावतो.

खरी अडचण त्या 'ऑफ'ची आहे. फ्रेंचमध्ये दिशा क्रियापदाच्या पोटातच असते : मोंते म्हणजे वर जाणे, देसाँद्र म्हणजे खाली येणे, आँत्रे आत शिरणे, सोर्तीर बाहेर पडणे, त्राव्हेर्से ओलांडणे. मराठीचंही तसंच आहे. आपण चढतो, उतरतो, शिरतो, निघतो, ओलांडतो. इंग्रजीत मात्र क्रियापद तेच राहतं आणि दिशा मागच्या चिमुकल्या शब्दात जाते. म्हणून फ्रेंच माणूस 'डिसेंड फ्रॉम द बस' म्हणतो आणि दिवा 'एक्स्टिंग्विश' करायला सांगतो. चूक म्हणता येत नाही, पण कदंबच्या बसमध्ये तसं कोणी बोलत नाही. कंडक्टर 'गेट डाऊन' म्हणतो, पुस्तक 'गेट ऑफ' म्हणतं. दोन्ही शिकवा.

हे पाठ करून येत नाही, हातापायांनीच येतं. पहिल्या आठवड्यात खोली, जिना, फाटक आणि एक खोका एवढंच साहित्य घ्या. 'गो अप, गो डाऊन, गो इन, गो आऊट, कम बॅक' : आधी तुम्ही सांगा आणि बाईंनी करावं, मग त्यांनी सांगावं आणि तुम्ही करा. नंतर खोक्यावर 'पुट'चा सराव : किल्ली खोक्यात, खोक्यावर, खोक्याखाली, खोक्यामागे. दुसऱ्या आठवड्यात 'पुट ऑन, टेक ऑफ' कपड्यांवर आणि 'टर्न ऑन, टर्न ऑफ' पंख्यावर. तिसऱ्यात 'पिक अप, गिव्ह बॅक, लुक फॉर'. दिवसाला तीनपेक्षा जास्त जोड्या घेतल्या की 'ऑन' आणि 'ऑफ' एकमेकांत मिसळतात आणि पुढचे चार दिवस निस्तरण्यात जातात.

पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं कालचं, पुढची वीस मिनिटं नवं आणि तेही उभ्याने, दहा मिनिटं दुकानात किंवा फाटकाबाहेर, आणि शेवटी पाच मिनिटं वहीत लिहून घेणं. वही शेवटीच उघडायची. आधी उघडली की फ्रेंच शाळेत घडलेला माणूस व्याकरण लिहून मागतो आणि बोलणं राहून जातं.

स्कूटर भाड्याने देतो. फ्रेंच गिऱ्हाईक येऊन 'लोकेशन, लोकेशन' करतं, मी नकाशा दाखवतो, तो चिडतो. परवा एकाने 'हाऊ मच कॉशन?' विचारलं. काय चाललंय हे?
— वाचक, पेडणे

तो स्कूटरच मागतोय. फ्रेंचमध्ये लोकासिओं म्हणजे भाड्याने देणं-घेणं आणि कोसिओं म्हणजे अनामत रक्कम. स्पेलिंग इंग्रजीशी तंतोतंत जुळतं, अर्थ जुळत नाही. अशा शब्दांना फ्रेंच लोक 'खोटे मित्र' म्हणतात. दुकानात एक पाटी लावा : 'स्कूटर रेंटल', खाली 'डिपॉझिट' आणि रक्कम. पाटीवर फ्रेंचही लिहिता येईल, पण मग पुढचं सगळं बोलणं फ्रेंचमध्ये होईल या अपेक्षेने तो सुरू होतो.

पैशाच्या व्यवहारात आणखी एक शब्द सांभाळा. 'मनी' म्हणून तो जे मागतो ते पुष्कळदा सुटे पैसे असतात, कारण मोने म्हणजे मोड. 'कार' म्हटलं तर मोटार समजू नका. फ्रेंच कार म्हणजे लांब पल्ल्याची बस. आणि 'आय रेस्ट टू मंथ्स' असं म्हणणारा माणूस आजारी नसतो. रेस्ते म्हणजे राहणे, तो दोन महिने इथे राहणार आहे.

औषधाच्या दुकानात गैरसमज महागात पडतो. मेदसँ म्हणजे डॉक्टर. 'आय नीड मेडिसिन' म्हणणाऱ्याला डॉक्टर हवा असू शकतो. पावाच्या किंवा जॅमच्या पुडक्याकडे बोट दाखवून कोणी 'प्रिझर्वेटिव्ह' असा शब्द काढला आणि त्याच्यासोबतचे हसले, तर कारण हे की फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ निरोध. पावालाच ते पँ म्हणतात आणि लिहितात मात्र इंग्रजी 'पेन'सारखं, म्हणजे दुखण्याचं स्पेलिंग. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलमागे धावणाऱ्या पाहुण्याच्या वहीत ते स्पेलिंग दिसलं तर घाबरू नका.

क्रियापदांतले चार खोटे मित्र रोज भेटतात. दमाँदे म्हणजे नुसतं विचारणे. म्हणून 'आय डिमांड यू' हे उद्धटपणाचं नसतं. आताँद्र म्हणजे वाट पाहणे, आसिस्ते म्हणजे हजर राहणे. 'आय असिस्ट द मास' म्हणणारी बाई पाद्रींना मदत करत नाही, नुसती मिस्साला जाते. आणि ब्लेसे म्हणजे दुखापत करणे. स्कूटरवरून पडून आलेला माणूस 'आय ॲम ब्लेस्ड' म्हणाला तर त्याचा गुडघा बघा.

काळाच्या शब्दांत 'ॲक्च्युअली' आणि 'इव्हेन्च्युअली' हे दोन पक्के करून घ्यावेत. फ्रेंच माणसाच्या तोंडी पहिल्याचा अर्थ 'सध्या' आणि दुसऱ्याचा 'जमलं तर'. 'इव्हेन्च्युअली आय पे टुमॉरो' हे वाक्य ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्याने पैसे देण्याचं वचन दिलेलं नाही.

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे येणारे फ्रेंच गृहस्थ 'आय ॲम हिअर सिन्स टू वीक्स' म्हणतात. मला त्यात वावगं वाटत नाही, सहकारी मात्र चूक म्हणतो. आणखी कोणत्या चुका मी धरायला हव्यात?
— वाचक, फोंडा

सहकारी बरोबर आहे. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स'. तुम्हाला ते खटकलं नाही याचं कारण मराठीत आहे. 'मी दोन आठवड्यांपासून इथे आहे' असं आपण वर्तमानकाळातच म्हणतो, फ्रेंचही तसंच म्हणतो. शिवाय 'दोन आठवड्यांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हींना आपल्याला एकच 'पासून' पुरतो, त्यांना एकच दप्वी. इंग्रजी तिथे फोड करते : कालावधी असला तर 'फॉर', सुरुवातीचा बिंदू असला तर 'सिन्स'. मराठी माणूस फ्रेंच माणसाला इंग्रजी शिकवतो तेव्हा धोका नेमका इथे असतो. जिथे दोघांच्या भाषा एकसारख्या वागतात तिथे शिकवणाऱ्याला चूक ऐकूच येत नाही. त्या जागा आधी ओळखून ठेवायच्या.

'एक्सप्लेन मी' ही अशी पहिली जागा. 'मला समजावा' आणि फ्रेंच एक्सप्लिके-म्वा यांचा साचा एक. इंग्रजीत 'एक्सप्लेन इट टू मी'. 'डिस्कस अबाऊट' मध्ये 'अबाऊट' आपल्या 'बद्दल'मधून येतो आणि त्यांच्या 'द'मधून, इंग्रजीला तो नको. 'लिसन म्युझिक' ही चूकही सामायिक, कारण गाणं आपण सरळ ऐकतो, तेही. 'लिसन'ला 'टू' लागतोच. 'एंटर इन द रूम', 'आस्क टू हिम', 'मॅरिड विथ' हीसुद्धा त्याच माळेतली. शेवटचं बघा : आपण कोणा'शी' लग्न करतो, ते 'आव्हेक' म्हणजे सोबत करतात, इंग्रजी मात्र 'मॅरिड टू' म्हणते. आणि 'अराइव्ह टू मडगाव'. आपण मडगाव'ला' पोचतो, त्यांच्या आ मध्ये 'टू', 'ॲट', 'इन' तिन्ही मावतात, इंग्रजीत मात्र गावी 'अराइव्ह इन' आणि स्टेशनवर 'अराइव्ह ॲट'. करणे आणि फेर हे क्रियापदही असंच. दोन्ही भाषांत एकाने भागतं, इंग्रजीत 'डू' आणि 'मेक' वेगळे. 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ नॉइज', 'मेक टी' यांतून काहीतरी तयार होतं, तर 'डू द शॉपिंग', 'डू द वॉशिंग' ही कामं. नियम शंभर टक्के चालत नाही, सुरुवातीला पुरतो.

याच्या उलट काही जागी मराठी तुमच्या मदतीला आहे. फ्रेंच माणूस म्हणतो 'आय हॅव थर्टी इयर्स', 'आय हॅव हंगर', 'आय हॅव कोल्ड', कारण झे फॅं, झे फ्रवा म्हणजे 'माझ्याकडे भूक आहे, थंडी आहे'. हे मराठी कानाला लगेच विचित्र वाटतं. त्याला 'आय ॲम'ची एक छोटी यादी तोंडपाठ करायला लावा : हंग्री, थर्स्टी, कोल्ड, हॉट, अफ्रेड, राइट, राँग, आणि वय. उलट बाजूने 'आय ॲम अग्री' येतं, कारण त्यांच्या भाषेत सहमत 'असतात'. 'इट डिपेंड ऑफ' ऐकलं की तुम्हाला कळतंच, आपलं 'त्यावर अवलंबून' म्हणजे 'ऑन'. 'इंटरेस्टेड बाय'चंही तसंच, आपल्याला त्या'त' रस असतो. 'अंडर द रेन' म्हणणाऱ्याला आपण पावसा'त' भिजतो हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

'लर्न' आणि 'टीच' यांना फ्रेंचमध्ये एकच आप्राँद्र चालतं. त्यामुळे 'ही लर्न्स मी इंग्लिश' हे अगदी हमखास. आपल्याकडे शिकणे-शिकवणे असा फरक आहेच.

काळाचा मोठा प्रश्न भूतकाळाचा. बोलीतल्या फ्रेंचमध्ये भूतकाळाचं मुख्य रूप झे माँझे असं आहे, शब्दशः 'आय हॅव ईटन'. म्हणून 'आय हॅव ईटन फिश येस्टरडे'. मराठीत 'मी काल मासे खाल्ले' आणि 'मी मासे खाल्ले आहेत' असा फरक आपण करतो, 'काल'सोबत 'आहेत' सहसा लावत नाही. तोच कान वापरा. 'येस्टरडे', 'लास्ट', 'ॲगो' किंवा साल वाक्यात आलं की 'हॅव' गळतो, एवढा एकच नियम पहिल्या महिन्यात द्या. 'ॲगो'साठी ते 'देअर इज टू डेज' म्हणतात, कारण त्यांचा इलिया आकड्याच्या आधी येतो. 'दोन दिवसांपूर्वी' आणि 'टू डेज ॲगो' यांचा क्रम एकच, म्हणून तुम्हाला हे शिकवायला सोपं जाईल.

चालू वर्तमानकाळ फ्रेंचमध्ये वेगळा नाही. 'मी पोहतो' आणि 'मी पोहतोय' दोन्हींना एकच रूप. तुम्हाला फरक कळतो, पण इथे आपलीच एक खोड आड येते. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते पाहुण्याच्या गळ्यात बांधू नका.

तिसऱ्या पुरुषाचा 'एस' आणि अनेकवचनाचा 'एस' हे त्यांच्याकडून गळतात, कारण फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा 'एस' लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो, आणि तिसऱ्या पुरुषी एकवचनी क्रियापदाला तो नसतोच. समजावून उपयोग नाही. 'एस' गळला की बोट वर करायचं, बोलायचं काही नाही. तो स्वतः दुरुस्त करतो.

प्रश्नवाक्यात 'डू' येत नसेल तर त्यांच्या एस्क ची आठवण करून द्या. तोही वाक्याच्या तोंडाशी येतो आणि अर्थाने मोकळा असतो, आपला शेवटचा 'का' जसा. फरक इतकाच की 'डू'चे 'डझ' आणि 'डिड' होतात.

ॲट, ऑन, इन यांनी डोकं उठवलं आहे. शिकणाऱ्याचं आणि माझंही. काही सोपी रीत?
— वाचिका, म्हापसा

वेळ आणि जागा एकाच दिवशी शिकवू नका, गोंधळाचं अर्धं कारण तेच. आधी वेळ. घड्याळ असलं तर 'ॲट', दिवस किंवा तारीख असली तर 'ऑन', महिना, साल, ऋतू असला तर 'इन'. सकाळ-दुपार-संध्याकाळ 'इन द', रात्र मात्र 'ॲट नाइट'. फ्रेंच माणूस घड्याळाला चुकत नाही, महिन्यालाही क्वचित. तो दिवसाला आणि सकाळीला चुकतो, कारण फ्रेंचमध्ये तिथे शब्दच नसतो : 'आय स्विम द मॉर्निंग', 'आय अराइव्ह द फाइव्ह जानेवारी'. म्हणून सरावही तेवढ्याचाच. तुमच्या गावातच साहित्य आहे : 'द मार्केट इज ऑन फ्रायडे. आय गो ॲट एट. आय गो इन द मॉर्निंग.'

जागेला पहिला प्रश्न : हलतोय की थांबलाय? हलत असेल तर 'टू', थांबला असेल तर गावाला-राज्याला 'इन' आणि बिंदूला 'ॲट'. 'आय गो टू पणजी', 'आय ॲम इन पणजी', 'आय ॲम ॲट द फेरी जेटी'. 'होम'ला 'गो' लावताना काहीच नको. शे हा त्यांचा शब्द इंग्रजीत नाही. आपला 'कडे' मात्र हुबेहूब तोच. 'डॉक्टरकडे' जायचं तर 'टू द डॉक्टर', 'माझ्याकडे' असायचं तर 'ॲट माय प्लेस'.

वाहनांसाठी एक चाचणी : आत उभं राहून चालता येतं का? बस, रेल्वे, फेरीबोट 'ऑन'. मोटार, टॅक्सी, रिक्षा 'इन'. ज्यावर पाय टाकून बसतात ती स्कूटर किंवा पायलटची, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याची, मोटारसायकल 'ऑन'. चोडणची फेरी धरायची तर स्कूटरवर बसून फेरीत शिरता, तरी दोन्ही 'ऑन' हे पाहुण्याला मजेशीर वाटतं आणि लक्षातही राहतं.

आपल्या 'वर'वर विश्वास ठेवू नका. टेबलावर, भिंतीवर, डोक्यावर पंखा : आपल्याला एकच प्रत्यय. इंग्रजीत पंखा 'अबव्ह'. इथे फ्रेंचमध्ये वेगळा शब्द असतो, तेव्हा पाहुणा बरोबर असेल आणि तुम्ही त्याला चुकीचं दुरुस्त कराल.

'इन टू अवर्स'बद्दल सावध राहा. फ्रेंचमध्ये 'दोन तासांनी' आणि 'दोन तासांत' यांना दाँ आणि आँ असे दोन शब्द आहेत, मराठीतही फरक आहे. इंग्रजीतला 'इन' दोन्हीकडे चालतो. 'दोन तासांत' म्हणायचं असेल तर 'विदिन' शिकवा.

होमस्टे चालवणाऱ्यांना आयता सराव मिळतो तो 'फॉर्म सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, परदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद करण्याच्या फॉर्ममध्ये. परदेशी पाहुणा आल्यापासून चोवीस तासांत तो भरावाच लागतो. कुठून आलात, भारतात कोणत्या तारखेला उतरलात, इथून कुठे जाणार, हे प्रश्न नुसतं टाइप न करता बोलून विचारा. 'फ्रॉम, इन, ऑन, टू' चारही त्यात येतात, आणि उत्तरं खरी असल्यामुळे पाठांतर वाटत नाही.

आमची फ्रेंच पाहुणी रागावल्यासारखी 'आय ॲम अँग्री' म्हणते आणि मग हसते. उच्चारांचं किती मनावर घ्यावं?
— वाचिका, काणकोण

तिला भूक लागलेली असते. फ्रेंचमध्ये 'ह' उच्चारत नाहीत, त्यामुळे 'हंग्री'चं 'अंग्री' होतं. तळहात तोंडासमोर धरून 'ह' म्हणायला लावा, वारा लागला पाहिजे. 'हेअर-एअर', 'हीट-ईट' अशा जोड्या रोज पाच. अति सराव झाला की ती 'अवर'लाही 'हवर' म्हणू लागेल, ते आठवड्यात उतरतं.

ऱ्हस्व-दीर्घ 'इ-ई' मात्र मनावर घ्या. फ्रेंचमध्ये हा फरक नाही, आपल्याला लिपीच दाखवते. शिप-शीप, फिल-फील. 'बीच' ऱ्हस्व म्हटला की शिवी होते आणि 'शीट' ऱ्हस्व म्हटली की आणखी वाईट. चादरीला 'बेड लिनन' शिकवून पळवाट काढता येते, पण गोव्यात राहून 'बीच' टाळणार कसा? ओठ ताणून, मोजून लांबवायला लावा.

'च'च्या जागी 'श' येतो, 'शिकन' मागतात. आधी 'ट' अडवून 'ट्श' म्हणायला सांगा. 'थ'बद्दल फार ताणू नका. त्यांचा 'स-झ' चुकीचा आणि आपला दंत्य 'थ-द'ही अस्सल नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'मध्ये तर शिकवण्याच्या फंदातच पडू नका. आपल्याकडे एकच 'व', त्यांच्याकडे दोन्ही आवाज आहेत. तिथे तिचं ऐका.

किंमत सांगितली की फ्रेंच गिऱ्हाईक गडबडतं. आकडे तरी सगळीकडे सारखेच ना?
— दुकानदार वाचक, पणजी

नाहीत. फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-विसा, नव्वद म्हणजे चार-विसा-दहा. ब्याण्णव ऐकून तो मनात चार-विसा-बारा करतो, वेळ लागणारच. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्यांकडे सत्तर आणि नव्वदला सुटे शब्द आहेत, त्यांना तुलनेने सोपं जातं. शिकवताना ६० ते ९९ वरच भर द्या. खालचे लवकर येतात.

'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' त्यांच्या तोंडून एकसारखे येतात, कारण फ्रेंचमध्ये जोर नेहमी शेवटाला. 'वन-फाइव्ह' की 'फाइव्ह-झीरो' असं विचारून घ्या. कागदावर लिहिताना स्वल्पविराम टाळा. त्यांच्याकडे तो दशांश चिन्हाचं काम करतो, त्यामुळे १,२०० त्यांना सव्वाच्या आसपास दिसतं. सरळ १२०० लिहा. त्यांच्या हातचा एकचा आकडा लांब शेंडीचा असतो आणि सातसारखा दिसतो, त्यांच्या सातला मध्ये आडवी रेघ असते. रेघ नसेल तर तो एक. फोन नंबर ते दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, एकेक आकडा सांगायला लावा.

मुलीने शाळेत फ्रेंच घेतलं आहे. शेजारच्या फ्रेंच बाई म्हणतात, मी तिला फ्रेंच शिकवते, तिने मला इंग्रजी शिकवावं. चालेल का?
— पालक, डिचोली

चांगली अदलाबदल आहे, दोन अटींवर. पहिली, पैशांची देवघेव नको. पर्यटक व्हिसावर काम करायला मुभा नसते, आणि शिकवणीची फी हे कामच. दुसरी, भाषा मिसळायच्या नाहीत. पंचवीस मिनिटं इंग्रजी, पाच मिनिटं पाणी, पंचवीस मिनिटं फ्रेंच. एकच तास दोन्ही भाषांत चालवला तर ज्याची भाषा अधिक येते तिकडे गाडी घसरते, आणि बाईंचं इंग्रजी मुलीच्या फ्रेंचपेक्षा बरं असलं तर मुलीला फ्रेंच कमी मिळतं.

मुलगी शिकवणार असल्यामुळे दुरुस्तीची रीत ठरवून द्या. बोलताना मध्ये तोडायचं नाही. ऐकलेल्या चुकांतून तीनच निवडून शेवटी वहीत लिहायच्या, डावीकडे बाईंचं वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून बाईंनी ती तीन वाक्यं म्हणायची. जी आली ती खोडायची, न आलेली पुढच्या पानावर न्यायची. चौथ्यांदा पुढे गेलेलं वाक्य सोडून द्यावं. ते आत्ता यायचं नाही.

फ्रेंचच्या वेळात मुलीने बाईंना 'व्हू' म्हणावं, म्हणजे अहो-जाहो. इंग्रजीतल्या 'यू'ची सवय असलेली मुलं सरसकट 'त्यू' म्हणतात, ते 'अगं तू' म्हटल्यासारखं लागतं. बाईंनी आपणहून 'त्यू म्हण' असं सांगितलं की मग खुशाल म्हणावं.